कापणीच्या दिवसांतील दुखणें

शास्त्रपाठ : २ राजे ४ : १८-३७



शुनेम गांवच्या कुटुंबाची हकीकत आपण पुष्कळदां ऐकिली आहे. अलीशा संदेष्ट्याच्या वचनाप्रमाणें त्या घरीं उतारवयांत पुत्र झाला. तो वाढला, आणि कापणीच्या दिवसांत एकदां बापाकडे शेतांत गेला. तेथें त्याचें डोकें एकाएकीं दुखूं लागलें. बापानें एका चाकरास सांगितलें कीं, ह्याला उचलून आईकडे ने. दोनप्रहरीं तें मूल आईच्या मांडीवर मेलें.

ह्या बापाला आम्हीं उपदेशपीठावरून अनेकदां दोष लाविला आहे. पीक डोळ्यांसमोर होतें म्हणून त्याला मूल दिसलें नाहीं, असें आम्ही म्हणत आलों. तो दोष आतां आम्ही मागें घेतों. निदान त्याच्या शेजारीं जाऊन उभे राहतों.

गेल्या आश्विनांत उपकारस्तुतीच्या सणाच्या आदल्या दिवशीं आम्ही मंदिराच्या ओट्यावर बसून मंडळीनें आणिलेल्या बाजरीचें माप वहींत लिहीत होतों. घरांत पाहुणे होते. मुलांची आई चुलीपाशीं आणि थोरलीं मुलें मंदिर झाडण्यांत गुंतलीं होतीं. आमच्या पांच वर्षांच्या धाकट्यानें येऊन सदरा ओढला व पोटांत कळ येते म्हणून सांगितलें. वहीवरून डोळे न काढतां आम्हीं म्हटलें, "जा, आईकडे जा." आई म्हणाली, "बाबांना सांग, माझे हात पिठाचे आहेत." असे त्यानें दोन हेलपाटे घातले. पुढें तो कोठें गेला हें कोणींच पाहिलें नाहीं. दिवेलागणीस तो गोठ्यामागें सांपडला. जुलाबांनीं गळून गेला होता; डोळे खोल, जीभ कोरडी; रडत होता, पण डोळ्यांत टिपूस नव्हतें.

घर माणसांनीं भरलें होतें, आणि जितकीं माणसें तितकीं मतें. कोणी म्हणे दृष्ट काढा. (होय, बाप्तिस्मा घेतलेल्या घरांतच हें बोलणें झालें, लपवून काय उपयोग?) कोणी म्हणे, पाणी देऊं नका, पाण्यानें जुलाब वाढतात. हें दुसरें मत पहिल्याहून घातक होय, कारण तें शहाणपणासारखें दिसतें. आम्ही स्वतः गुडघे टेकण्याच्या बेतांत होतों. तोंच शेजारची आशाताई आली. ती आमच्या मंडळीची नव्हे. तिनें मुलाच्या पोटाची कातडी चिमटींत धरून सोडली. ती हळूहळू बसली तेव्हां आम्हांकडे पाहून ती म्हणाली, "पाळकसाहेब, आधीं गाडी बोलवा. प्रार्थना गाडींत करा."

तिच्या पिशवींतील जलसंजीवनीच्या पुड्या संपल्या होत्या. म्हणून तिनें उकळून गार केलेलें एक लिटर पाणी मोजून घेतलें, त्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घातलें, आणि वाटभर चमच्याचमच्यानें तें पाजिलें. दवाखान्यांत रात्रभर सलाईन चाललें. तिसऱ्या दिवशीं मुलानें पेज मागितली.

हें माप प्रचारकांनीं पाठ करून ठेवावें. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो, म्हणून अंदाजानें घालूं नये. १९७१ सालीं बांगलादेशच्या निर्वासितांमध्यें पटकीची सांथ पसरली. तेव्हां बनगाव येथें डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं, सलाईन पुरेनासें झाल्यावर, असेंच मीठसाखरेचें पाणी रोग्यांना त्यांच्याच नातलगांच्या हातून पाजविलें आणि असंख्य जीव वांचले. आमच्या जवळचें उदाहरण पाहिजे असेल तर जामखेडचें घ्या. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० सालीं तेथें काम आरंभिलें आणि खेड्यांतल्या अशिक्षित बायांना आरोग्याचें शिक्षण दिलें. ज्या बाईला पूर्वी कोणी विचारीत नसे तिच्या दारीं लोक मूल घेऊन येऊं लागले. परमेश्वर अशा हातांनींही काम करितो. त्यांची मदत घेण्यानें विश्वासाला उणेपणा येत नाहीं.

आतां शुनेमकरणीकडे वळूं. तिनें गाढवावर खोगीर घालविलें आणि चाकराला बजाविलें कीं, मी सांगितल्यावांचून चाल मंद करूं नको. वाटेंत भेटलेल्या गेहजीला तिनें आपलें दुःख सांगितलें नाहीं. कर्मेल डोंगरावर पोंचल्यावर तिनें संदेष्ट्याचे पाय धरिले, तेव्हां गेहजी तिला लोटूं लागला. अलीशानें त्याला आवरलें आणि कबूल केलें कीं, ह्या बाईचें मन क्लेशांत आहे, आणि परमेश्वरानें ही गोष्ट मजपासून गुप्त ठेविली आहे. बंधूंनो, संदेष्ट्याला जें कळलें नव्हतें तें आम्हांस कसें कळतें? मूल आजारी पडलें कीं, आईबापांचें अमुक पाप, त्यांचा विश्वास थोडा, असें उंबरठ्यावरूनच सांगणारे आमच्यांत आहेत. आम्हींही तसें केलें आहे.

गेहजीनें पुढें जाऊन मुलाच्या तोंडावर काठी ठेविली, पण कांहीं झालें नाहीं. मग अलीशा स्वतः आला, दार लावून त्यानें प्रार्थना केली, आणि त्या थंड देहावर आपला देह पसरला. आमच्या भेटी बहुधा काठीच्या असतात. दहा मिनिटें बसावें, वचन वाचावें, निघावें. त्या घरची म्हैस कोणी दोहिली, धाकटीं मुलें कोठें जेवलीं, हें विचारण्याचें राहून जातें.

ज्या पंधरवड्यांत आमचा मुलगा घरीं परत आला त्याच पंधरवड्यांत एका प्रचारकाची मुलगी तापानें गेली. त्यानें कांहीं हयगय केली नव्हती; तो पहिल्याच दिवशीं तिला दवाखान्यांत घेऊन गेला होता. आमचें मूल वांचावें व त्याचें जावें, ह्याचें कारण आम्हांस ठाऊक नाहीं, आणि वेदीपुढें उभे राहून तें ठाऊक असल्याचें सोंग आम्ही करणार नाहीं.

आठव्या दिवशीं आम्ही त्याच्या गांवीं गेलों. बाजरी उभीच होती आणि तो एकटा कापीत होता. बोलण्यासारखें कांहीं सुचेना, म्हणून त्याच्या बायकोकडून विळा मागून घेतला आणि त्याच्या शेजारची पात धरिली. आम्हांस हें काम वीस वर्षांत करावें लागलें नव्हतें. हातास फोड आला. त्यानें एकदां पाहिलें, पण तो कांहीं बोलला नाहीं. दिवस मावळतां मावळतां बांधावर बसून त्यानें घागरींतलें पाणी आम्हांस दिलें, डोकीचें मुंडासें काढून मांडीवर ठेविलें आणि म्हणाला, "आतां प्रार्थना करा, पाळकसाहेब."