आता सही तुझी

सोनू,

पेढे पोहोचले. पदवीदानाचं सगळं वर्णन तुझ्या आईने तासभर ऐकवलं. तुझा मेसेज मात्र वेगळाच होता. सगळे खूश आहेत, मीही आहे, पण हॉस्टेलची खोली रिकामी करताना रडू आलं आणि आता रात्री दचकून जाग येते, असं तू लिहिलंस. शेवटी विचारलंस, "मावशी, मी चुकीच्या धंद्यात आले का गं?" नाही, बाळा. पण याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही.

इंटर्नशिपमध्ये तू केस पेपरवर काहीही लिहिलंस तरी त्यावर रेसिडेंटची नजर फिरायची. चूक राहिली तर राउंडला ती सापडायची, बोलणी बसायची आणि पेशंट वाचायचा. आता महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा कायमचा नंबर तुझ्या नावावर आला आहे. सही तुझी, शिक्का तुझा. साडेपाच वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिलीस तो आल्यावर पोटात गोळा येतो, याचा अर्थ तुला या सहीचं वजन कळलं आहे. ज्यांना ते कळत नाही अशांच्या हाताखाली मी काम केलं आहे. त्यांची झोप छान असते, आणि त्यांच्या पेशंटची मला काळजी वाटायची.

तेव्हा भीती घालवायच्या मागे लागू नकोस. तिला काम दे. सरकारी सेवेच्या बॉण्डची ऑर्डर रायगडातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची, पीएचसीची, आली आहे म्हणतेस, तर रुजू झालीस की त्याच दिवशी सिस्टरांना सोबत घेऊन इमर्जन्सी ट्रॉली स्वतः उघड. अ‍ॅड्रिनॅलिन आहे का, मुदत संपलेली नाही ना? ऑक्सिजनचं सिलिंडर भरलेलं आहे का, आणि ते उघडायची चावी कुठे टांगलेली असते? लेबर रूममध्ये बाळाची अँबू बॅग फाटलेली नाही ना? ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये आहे का? झटके येणाऱ्या गरोदर बाईसाठी मॅग्नेशियम सल्फेट, साप चावलेल्यासाठी एएसव्ही? एएसव्ही लावण्याआधी अ‍ॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवायचं, हे तू परीक्षेत लिहिलं आहेस. तिथे ते रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना करायचं आहे. उपजिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनचा, भूलतज्ज्ञांचा आणि बालरोगतज्ज्ञांचा नंबर पहिल्याच आठवड्यात घे. "सर, मला हे कळत नाहीये" असं बोलायला लाजू नकोस. 108 च्या अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करायलाही उशीर लावू नकोस. वेळेवर पाठवलेला पेशंट हा तुझा पराभव नसतो.

रायगड म्हटलं की मला डॉ. हिंमतराव बावस्करांची आठवण होते. 1976 साली ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या पीएचसीत गेले, तेव्हा तेही तुझ्यासारखेच नुकतेच एमबीबीएस झालेले होते. कोकणातला लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, लहान मुलं त्यांच्यासमोर जात होती. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी. पुस्तकात उपाय नव्हता. अशा वेळी हताश होऊन बदलीचा अर्ज करणं किती सोपं होतं! ते पेशंटच्या उशाशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, घाम, सगळं तासातासाने लिहीत गेले. त्या नोंदींतूनच पुढे 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात त्यांचे लेख आले आणि रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशावर चालते हे त्यांनी दाखवून दिलं. कितीतरी जीव त्या गोळीने वाचले. तुझ्याकडून कोणी शोधाची अपेक्षा करत नाही. पण समोरचा माणूस आपल्याला समजत नाही हे मान्य करून त्याच्याजवळ बसून राहणं, पाहिलेलं लिहून ठेवणं, एवढं तुला पहिल्या दिवसापासून जमेल.

माणसं जातील, सोनू. तुझ्या हातून सगळं नीट होऊनही जातील. नातेवाइकांना बाहेर व्हरांड्यात उभ्याने सांगू नकोस. त्यांना बसव, तूही बस, आणि "ते गेले" असं स्पष्ट शब्दांत सांग. आडवळणाने बोललं तर माणसं आशा धरून बसतात आणि मग कोसळतात. सांगून झाल्यावर लगेच उठू नकोस. त्यांचं रडणं ऐकायलाही तुलाच थांबायचं आहे. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं "हृदय बंद पडल्याने" असं लिहून मोकळी होऊ नकोस. हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं. कशाने पडलं ते लिही. त्या दिवशी घरी जाऊन रडू आलं तर रडून घे. दुसऱ्या दिवशी ओपीडीत बसताना डोळे सुजलेले असले तरी कोणाचं काही बिघडत नाही.

आता त्या रडण्याबद्दल, खोली रिकामी करतानाच्या. मैत्रिणी पांगल्या, मेसचा गलबला संपला, हे खरंच. पण मला वाटतं त्यात आणखी काहीतरी होतं. पहिल्या वर्षी टेबलावर ज्याने आपला देह तुझ्यासमोर ठेवला त्याचं नाव तुला कळलं नाही. शीर सापडेना म्हणून तू तीनदा सुई टोचलीस तरी "शिक बाई, हात बसेल" म्हणणारी ती आजी आता कुठे असेल, ठाऊक नाही. तुझा हात जनरल वॉर्डातल्या गरिबांवर बसला. स्पेशल रूममधल्या पेशंटवर कोणी विद्यार्थ्याला शिकू देत नाही. हे ऋण आहे आणि ते मनाला लागलं तर लागू दे. पीएचसीत रांगेत बसलेली माणसं त्यांच्याच घरची आहेत.

"नुसतं एमबीबीएस? पुढे काय?" हा प्रश्न तुला पेढ्यांसोबतच विचारला गेला असणार. नीट-पीजीचा अभ्यास जरूर कर, पहाटेचे दोन तास त्यासाठी राखून ठेव. पण बॉण्डचं वर्ष नुसतं ढकलायचं म्हणून ढकलू नकोस. एकटीने बाळंतपण करताना, एकटीने निर्णय घेताना जी समज येते ती कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही. मैत्रीण क्लिनिकलची सीट घेऊन पुढे गेली म्हणून तुला जळफळाट झाला, तर तोही दडवू नकोस. दमलेल्या माणसाला असं होतं.

आणि जेव. जिनिव्हाच्या डॉक्टरी शपथेत 2017 साली स्वतःच्या प्रकृतीची काळजी घेण्याचंही वचन घातलं गेलं. म्हणजे जगभरच्या डॉक्टरांनाही ते उशिरा सुचलं. डबा बंद ठेवून चोवीस तास ड्यूटी केल्याचा अभिमान मिरवू नकोस. वॉर्डातल्या मावशी आणि मामांशी नीट वाग, त्यांना तुझ्याआधी कळतं पेशंट बिघडतोय ते.

पाटीवर तुझ्या नावाआधी 'डॉ.' लागेल तेव्हा फोटो पाठव. आणि एखाद्या रात्री काही सुचेनासं झालं तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
मावशी