मला राग आला, मी रागावले

मराठीत राग येतो. पाहुण्यासारखा येतो, बसतो, कधी मुक्कामच ठोकतो. तंजावरला राहायला आल्यावर लक्षात आलं की तमिळमध्येही वाक्याची घडण हीच आहे: 'एनक्कु कोबम् वंददु', मला कोप आला. (आपल्याकडे कोप देवाचा किंवा निसर्गाचा, इथे तो दूधवाल्यालाही येतो. आणि आपला 'राग' इथे उच्चारला तर समोरचा माणूस कल्याणी की तोडी, असं विचारेल.)

ध्यान शिकवणारे जे सांगतात ते या वाक्यात आधीच आहे. राग म्हणजे तुम्ही नव्हे. तो आला आहे, जाईल. श्वासाकडे लक्ष ठेवा, छातीत कुठे आवळतंय ते पाहा, ढकलू नका, कवटाळू नका. मी रोज सकाळी वीस मिनिटं बसते आणि हे खरं असल्याचा अनुभव घेते. पण दोन्ही भाषांत दुसरंही वाक्य आहे: 'मी रागावले', 'नान् कोबप्पट्टेन्'. तिथे कर्ता मी असते. राग येऊन गेला, म्हणजे तो ज्या कामासाठी आला होता तेही संपलं का?

या प्रश्नाचं एक जुनं प्रकरण याच शहरातलं आहे. 1677 मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी सावत्र भाऊ व्यंकोजीराजांकडे शहाजीराजांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागितला. कोळ्ळिडम नदीकाठी दोघे भेटले. बोलणं फिसकटलं आणि व्यंकोजीराजे रातोरात तंजावरला निघून आले. पुढे महाराजांच्या फौजेशी लढाई झाली, तीत ते हरले, मग तह झाला. त्यानंतर ते खचले. देहाकडे लक्ष नाही, सणवार बंद, फौज रिकामी, कारभारात मन नाही. एखाद्या तीर्थाच्या जागी बसून बैराग्यासारखे दिवस काढायचे. रघुनाथपंत हणमंत्यांनी हे कळवलं तेव्हा महाराजांनी त्यांना पत्र लिहिलं. ग्रँट डफच्या 1826 च्या इतिहासात त्याचा इंग्रजी तर्जुमा आहे. आशय असा: वडिलांनी किती संकटं सोसली ते आठवा, उपासतापासाने शरीर झिजवू नका, पंतांचा सल्ला घ्या, फौजेला काम द्या, वैराग्य म्हातारपणी, हे दिवस कर्तृत्वाचे.

पत्रात माया आहे, आणि ती खरी वाटते. तरी ते वाचताना मी दरवेळी एका जागी अडते. खिन्नता सोडा असं सांगणारा भाऊ तोच आहे, ज्याच्यापुढे हार पत्करावी लागली. 'मनाला लावून घेऊ नकोस' हे वाक्य घराघरांतून बहुधा याच दिशेने जातं, जिंकलेल्याकडून हरलेल्याकडे. सासरच्या माणसांकडून सुनेकडे. कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी ध्यानाचे वर्ग भरतात, कामाचे तास मात्र तेवढेच राहतात. ऐकणाऱ्याला शांती मिळतेही कदाचित. सांगणाऱ्याची सोय मात्र नक्की होते.

पण म्हणून व्यंकोजीराजांचं बसणं बरोबर ठरत नाही. मला ते ध्यान वाटतच नाही. तो डोळे मिटून केलेला शोक होता. आणि शोक बसल्या जागी वाढतो. पत्रातला फौजेचा मुद्दा मला म्हणूनच उपदेशापेक्षा मोलाचा वाटतो. दुःख खरं असलं तरी दारात उभ्या असलेल्या माणसांना उद्या काय काम द्यायचं, हा प्रश्न वेगळा असतो आणि तो थांबत नाही.

या शहरात पुढे समर्थ संप्रदायाचे मठ झाले. रामदासांच्या मनाच्या श्लोकांची संख्या 205. त्यांत मनाला सज्जन म्हणून हाक मारली आहे. त्याची समजूत घातली आहे, त्याला प्रश्न विचारले आहेत, बजावलंही आहे. मन हे नुसतं न्याहाळण्याचं दृश्य नाही, ज्याच्याशी बोलता येतं असं कुणीतरी आहे, हे मराठी माणसाला लहानपणी पाठांतरातच मिळून जातं. माझ्या सकाळच्या वीस मिनिटांत मी हे मिसळते. शुद्धतावाद्यांना चालणार नाही.

गेल्या वर्षी एका प्रकाशकाने मी अनुवादलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून माझं नाव गाळलं. आठवडाभर मी त्या रागासोबत बसले. सहाव्या दिवशी पोटातला पीळ सुटला, रात्री झोप लागली. त्याचबरोबर पत्र लिहायची इच्छाही विरघळू लागली. 'काय फरक पडतो' हा विचार इतका समंजस वाटत होता, की तो ध्यानातून आलाय की थकव्यातून, हे ओळखता येईना. म्हणून मनाला विचारलं: हेच एखाद्या मैत्रिणीच्या बाबतीत घडलं असतं, तर 'काय फरक पडतो' असं तिला म्हणाली असतीस?

पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर पत्र चार पानांचं झालं असतं आणि त्यात त्या माणसाचे दहा वर्षांतले सगळे गुन्हे आले असते. आठव्या दिवशी लिहिलेलं सात ओळींचं होतं. करारातलं कलम, पुढच्या आवृत्तीत नाव कुठे हवं ते, आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवं ते.