कुणाचं पानिपत?

मराठीत पानिपत होतं. निवडणुकीत पक्षाचं होतं, गणिताच्या पेपरात मुलाचं होतं, ऐन लग्नसराईत पाऊस कोसळला की मंडपवाल्याचं होतं. गावाचं नाव क्रियापदाला असं घट्ट चिकटलेलं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही. त्या मैदानावर मोठ्या लढाया तीन झाल्या. 1526 मध्ये तिथे बाबर जिंकला, 1556 मध्ये अकबराच्या फौजेनं हेमूचा पाडाव केला. मराठी माणसाच्या जिभेवर त्या दोन नाहीत. त्याचं पानिपत 14 जानेवारी 1761 चं, मराठे अब्दालीकडून हरले ते.

पहिली बातमी आली ती हिशेबाच्या भाषेत. नानासाहेब पेशवे फौजेसह उत्तरेकडे निघाले होते. वाटेत सावकारी पत्रातून कळलं की दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि खुर्द्याची तर गणतीच नाही. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. खुर्दा म्हणजे कोण, ते घराघरांत कळत गेलं. कित्येक घरांत धड कळलंच नाही. भाऊ गेले हे पुष्कळांना पटलं नाही. त्यांच्या नावानं तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं जमली आणि 1776 मध्ये त्याचा शेवट होईपर्यंत ते प्रकरण चाललं. वाक्प्रचार व्हायला दुःख थोडं जुनं व्हावं लागतं. हे दुःख तेव्हा ताजं होतं.

पुढे ते भाषेत मुरलं. ‘भाऊगर्दी’ हा शब्द पाहा. भाऊंच्या फौजेची त्या संध्याकाळी झालेली दाणादाण त्यात आहे. आज आपण जाहिरातींची भाऊगर्दी म्हणतो, इच्छुक उमेदवारांची भाऊगर्दी म्हणतो. त्यातले भाऊ कोण, हे विचारत नाही. ‘विश्वास ठेव’ म्हटलं की, विश्वास तर पानिपतातच गेला, असं उत्तर आजही कुणीतरी सहज देऊन जातं.

‘पानिपत होणे’मध्ये निदान हरणाऱ्याची बाजू शाबूत होती. बोलणारा स्वतःला मराठ्यांच्या छावणीत धरून बोलत होता. मग ‘पानिपत करणे’ आलं. विरोधकांचं पानिपत केलं, असं जिंकलेला पुढारी छाती काढून सांगतो आणि मथळ्यातही तेच छापून येतं. असं म्हणताना आपण अब्दालीच्या जागी जाऊन उभे राहतो, हे कुणाला खटकत नाही. मला खटकतं. हा प्रयोग मी लिहीत नाही.

कारण त्या शब्दात फक्त निकाल उरला आहे. 1760 च्या ऑक्टोबरात अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दक्षिणेची वाट अडवली. अडीच महिने छावणीची रसद तुटत गेली. सोबत यात्रेकरू, बायकापोरं, बाजारबुणगे होते. शेवटी उपाशीपोटी मरण्यापेक्षा लढून मरू, म्हणून फौज बाहेर पडली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी रोहिल्यांची फळी खिळखिळी केली आणि दुपारपर्यंत पारडं मराठ्यांकडे झुकलेलं होतं. विश्वासराव गोळी लागून पडले आणि त्यानंतर सगळं विसकटलं. पुढच्या दहा वर्षांत माधवरावांनी घडी बसवली, 1771 मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली. म्हणजे ज्याचं पानिपत झालं तो कायमचा संपला, हा वाक्प्रचारातला अर्थ इतिहासाला धरून नाही. त्र्यं. शं. शेजवलकरांनी तर हा लढा हिंदुस्थानच्या रक्षणासाठी होता, अशी मांडणी केली. तो विचार पुस्तकांतून, व्याख्यानांतून पसरला. बोलीत मात्र उतरला नाही.

पानिपत शहराजवळच्या काला आंबला आता दर 14 जानेवारीला माणसं जमतात. महाराष्ट्रातून जातात, तशी हरियाणातल्या रोड समाजातलीही येतात. त्यांच्यातले अनेक जण स्वतःला त्या लढाईतून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. त्या दाव्याचे पुरावे इतिहासकार तपासतील. पण ते पराभवाची ती तारीख शौर्य दिन म्हणून पाळतात, आणि पानिपत हे त्यांच्या रोजच्या जाण्यायेण्याचं, नोकरीधंद्याचं शहर आहे.