नेमाचा पातळ थर

वाळूत खोल खड्डा टिकत नाही, हे किनाऱ्यावर खेळणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. कडा ढासळतात, खालून पाणी येतं. मग वाळूत वीस-तीस मीटर खोल, उभा चर खणायचा कसा? 1950च्या सुमारास ख्रिस्तियन वेडर या ऑस्ट्रियन अभियंत्याने इटलीतल्या मिलानमध्ये यावरचा उपाय प्रत्यक्षात आणला. चर मोकळा ठेवायचाच नाही. खणता खणता तो चिकणमातीच्या गढूळ पाण्याने भरत जायचा. पुढे तळापासून काँक्रीट ओतत आलं की ते पाणी आपोआप वर ढकललं जातं. मिलानची पहिली मेट्रो वाळू-गोट्यांच्या जमिनीत याच रीतीने बांधली गेली आणि 1964 साली धावू लागली. आपल्याकडे पुलांच्या पायलिंगवर आज हेच पाणी वापरतात.

त्यातली माती बेंटोनाइटची, पाण्यात कित्येक पट फुगणारी. कच्छमध्ये ती मुबलक सापडते. हजार लिटर पाण्याला चाळीस-पन्नास किलो पुरते. चरात भरल्यावर हे मिश्रण आधी वाळूत झिरपू लागतं. पाणी पुढे निघून जातं. मातीचे चपटे कण वाळूच्या तोंडाशी अडकतात, एकावर एक बसतात. काही मिलिमीटरांचा थर जमतो आणि झिरपणं जवळजवळ थांबतं. गळतीनेच गळतीचं तोंड बुजवलेलं असतं.

वाटतं, हा थरच वाळूला धरून ठेवतो. पण नखाने खरवडला तर निघेल असा तो थर काय धरणार? वाळूला रेटून उभं ठेवतो तो चरातल्या मिश्रणाचा दाब. थर नसता तर हा दाब वाळूच्या छिद्रांत विरून गेला असता; थरामुळे त्याला टेकायला जागा मिळते. म्हणून चरातली पातळी भूजलापेक्षा मीटर-दोन मीटर वर राखतात. ती फार उतरली, तर थर शाबूत असूनही कडा कोसळू शकते.

माणसाच्या नेमाचं असंच आहे. पहाटेचं अर्धा तास वाचन, दर रविवारी म्हाताऱ्या आत्याला फोन, पगारातून आधीच बाजूला काढलेले चार पैसे. या नेमांत स्वतःचं असं बळ नाही. बळ असतं आस्थेचं. पण नेम नसला की आस्था दिवसाच्या शंभर छिद्रांतून झिरपून जाते. मनात भरपूर असून ती कुठेच लागू पडत नाही.

आणि नेम पातळच बरा. चर काँक्रीटविना फार वेळ राहिला तर थर जाड होतो, मग काँक्रीट जमिनीला नीट बिलगत नाही. नेमालाही उपनेम आणि सोवळं चिकटत गेलं की तो मूळ हेतूच्याच आड येतो.

नेम मोडला की आपण तो अधिक कडक करतो. खरं तर पुष्कळदा ज्या माणसासाठी, ज्या कामासाठी तो धरला, त्याची ओढच ओसरलेली असते. आत्याला फोन करणं जिवावर येत असेल, तर मोबाइलवर गजर लावून भागणार नाही. एकदा तिच्याकडे जाऊन जेवून यावं.