यादीत नाव नसलेलं ओळखपत्र

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर एक वाद हमखास ऐकू येतो. हातात निवडणूक आयोगाचंच ओळखपत्र, मागच्या खेपेला मत दिलेलं, आणि यादीत नाव नाही. केंद्राध्यक्ष अशा माणसाला परत पाठवतात, आणि कायद्यानं त्यांना दुसरं काही करता येत नाही. 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 62 मताचा हक्क यादीतल्या नावाला देतं. नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार किंवा पासपोर्ट दाखवून मत देता येतं. कार्ड असेल आणि नाव नसेल, तर त्या दिवशी इलाज नाही. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते.

एवढी साधी गोष्ट मतदाराला आधी कळू नये, याचा मला राग येतो. मतदार जागृतीसाठी आयोगाचा ‘स्वीप’ हा कार्यक्रम 2009पासून चालू आहे. रांगोळ्या होतात, मानवी साखळ्या होतात, शाळेतली मुलं आईवडिलांकडून संकल्पपत्रं भरून आणतात. पण या साहित्यात बहुतेक जागा आवाहनानं व्यापलेली असते. मतदान हे कर्तव्य आहे, हे गावोगावच्या भिंतींवर लिहिलेलं आहे. नाव गळलं तर कुठे जायचं, हे शोधावं लागतं.

यादीचं दुखणं जुनं आहे. 1951–52च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते, त्यांतले बहुतेक निरक्षर. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवून वाचनाची अडचण सोडवली. नावाची अडचण मात्र सुटली नाही. परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायचं नाही, या रिवाजापायी असंख्य बायकांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच नोंद करू दिली होती. सेन यांनी अशा नोंदी मानल्या नाहीत आणि सुमारे 28 लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. तत्त्व म्हणून त्यांचं बरोबर होतं, असं मला वाटतं. पण नाव का सांगायचं, हे त्या बायकांना उंबरठ्यावर जाऊन पुरेसं कुणी समजावलं नाही आणि किंमत त्यांनीच मोजली.

माहिती न पोचल्याचं दुसरं उदाहरण प्रदत्त मताचं. आपल्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलं असेल, तर बहुतेक माणसं चरफडत घरी जातात. निवडणूक संचालन नियमांतला नियम 49-पी सांगतो की, ओळख पटवून दिल्यावर अशा मतदाराला कागदी मतपत्रिका मिळालीच पाहिजे. ती वेगळ्या पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही, म्हणून तिला कुणी किंमत देत नाही. पण 2008मध्ये राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मतानं हरले, तेव्हा याच मतपत्रिकांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बीडकडच्या ऊसतोड मजुरांची. 2024ची विधानसभा निवडणूक 20 नोव्हेंबरला झाली, ऐन तोडीला टोळ्या निघायच्या दिवसांत. कामासाठी काही महिने बाहेर गेल्यानं गावचा रहिवास संपत नाही, हे 1950च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 20मध्ये आहे. तेवढ्या कारणानं नाव काढता येत नाही. 1951च्या कायद्याचं कलम 135-ब रोजंदारीवरच्या माणसालाही मतदानाची पगारी सुट्टी देतं. ती नाकारणाऱ्याला दंड आहे फक्त 500 रुपयांपर्यंत, आणि आगाऊ उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाकडे ती मागायची हिंमत कुठून येणार? टपाली मताची सोयही या मजुरांना नाही. दंड वाढवणं आणि टपाली मत देणं सरकारच्या व आयोगाच्या हाती आहे, त्याला वेळ लागेल. कलम 20चा अर्थ सांगणारं एक पान मात्र दसऱ्याआधी, टोळ्या ठरत असतानाच, प्रत्येक तांड्यावर वाचून दाखवता येईल, आणि यादी तपासून नाव घालायला तेव्हा बहुधा अवधीही असेल.