पुंगळी कधी फेकायची?

अमेरिकेत नेमबाजीची आवड असलेले बरेच लोक काडतुसं घरीच पुन्हा भरतात. गोळी सुटली की पितळी पुंगळी उरते. ती साफ करायची, साच्यात दाबून मूळ मापात आणायची, नवा प्रायमर, मोजून दारू, वर नवी गोळी. मग नेहमीचा प्रश्न येतो: एक पुंगळी किती वेळा वापरावी?

मला बंदुकांचं आकर्षण नाही, पण हा प्रश्न पाठ सोडत नाही. नऊ वेळा नीट चाललेल्या वस्तूवर आपला विश्वास वाढलेला असतो. पितळाचा हिशेब उलटा. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त असलेला हा धातू दर बारात ताणला जातो, पुन्हा दाबला जातो, कडक होत जातो. म्हणजे ज्या नऊ बारांनी भरवसा दिला, त्यांनीच ती झिजवली. मानेला चीर गेली तर बहुतेकदा पुंगळी वाया, एवढंच. पण बुंध्याच्या जरा वर भिंत आतून पातळ झाली, तर ती बंदुकीतच दुभंगते आणि तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो.

आकडा सांगावा, तर दारू सौम्य की जोरकस, साच्यात किती दाबली, यावर सगळं बदलतं. एकदाही न उडवलेली पुंगळीसुद्धा दगा देते. ब्रिटिश काळात भारतात घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात तडकायची. मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना धातूत अडकलेला ताण, हे कोडं १९२१ साली सुटलं. इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात.

म्हणून जाणकार पेपरक्लिपचं टोक वाकवून पुंगळीत घालतात, भिंतीवरून फिरवतात. खाच लागली की संपलं. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि कंटाळवाणं. 'माझी बंदूक, माझा धोका' म्हणून ते टाळणाऱ्याचं मला पटत नाही; रेंजवर शेजारी कुणीतरी उभं असतं, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

बाद पुंगळी काही जण तशीच भंगारात टाकत नाहीत. आधी पकडीने तिचं तोंड चेपतात, म्हणजे दुसऱ्या कुणी उचलली तरी ती भरता येणार नाही.