मन बदलण्याची किंमत

सवलतीचें तिकीट घेणारा मनुष्य नक्की काय विकत घेतो, हा प्रश्न वरवर पाहतां हास्यास्पद वाटेल. तो गाडींतील जागा विकत घेतो, असें कोणीही सांगेल. परंतु त्याच डब्यांत, त्याच्या शेजारीं बसलेल्या गृहस्थानें कधीं कधीं दुप्पट पैसे मोजलेले असतात. जागा सारखीच, वेगही तोच. मग दोघांच्या भाड्यांतील अंतर कशाचें? आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आतां शिक्षणानिमित्त जर्मनींत किंवा इंग्लंडांत असतात. त्यांस तें चांगलें ठाऊक असतें. जर्मन रेल्वेचा बचतीचा सर्वांत स्वस्त दर 'सुपर श्पारप्राइस' या नांवाचा आहे. हें तिकीट एकदां घेतलें कीं रद्द करतां येत नाहीं आणि बदलतांही येत नाहीं. इंग्लंडांतील 'ॲडव्हान्स' तिकीट एका ठराविक गाडीला बांधलेलें असतें. गाडी सुटण्यापूर्वीं शुल्क व भाड्यांतील फरक भरून वेळ बदलतां येते, पैसे मात्र परत मिळत नाहींत. वाटेंतल्या एखाद्या स्टेशनावर उतरून प्रवास तेथेंच संपविण्याची देखील त्या तिकिटावर परवानगी नसते! भरलेल्या पैशांहून कमी प्रवास करणें हाही नियमभंग व्हावा, याची आम्हांस मौज वाटते. तेव्हां शेजारचा गृहस्थ जे जास्त पैसे देतो ते मन बदलण्याच्या मोकळिकीचे असतात, असेंच म्हणावें लागतें.

यांत अन्याय आहे काय? प्रथमदर्शनीं तरी नाहीं. गाडी भरेल कीं नाहीं ही रेल्वेची चिंता जो आधींच हलकी करतो, त्यास ती सूट देते. वचनाचें मोल पदरांत घ्यावें आणि वचन मोडल्यावर पुन्हां हात पसरावा, हा कोठला न्याय? शिवाय परतावा फुकट असता तर चार दिवसांचीं चार तिकिटें घेऊन ठेवणारे शहाणे निघालेच असते, आणि त्यांच्या रिकाम्या जागांचें भाडें इतरांनीं भरलें असतें. हा युक्तिवाद पोकळ नाहीं. वर्गांत असा विषय निघाला कीं विद्यार्थी बहुधा येथेंच थांबतात. नियम वाचून तिकीट घेतलें, आतां तक्रार कसली, असें ते विचारतात.

आमची अडचण यापुढें सुरू होते. अमक्या दिवशीं अमक्या गाडीनें जाईनच, असें वचन कोण देऊं शकतो? ज्याचा काळ त्याच्या स्वतःच्या हातीं आहे तो. आणि स्वस्त तिकीट घेणें कोणास भाग पडतें? बहुधा ज्याचा काळ दुसऱ्याच्या हातीं असतो त्यास. त्याची रजा साहेबाच्या मर्जीवर, परीक्षेची तारीख विद्यापीठाच्या मर्जीवर; आणि घरांतील तान्ह्या मुलाचा ताप तर कोणाच्याच मर्जीवर नाहीं. ज्याचें आयुष्य सर्वांत अनिश्चित त्याच्याकडूनच निश्चिततेची हमी घ्यावयाची, असा हा प्रकार आहे. सुखवस्तु मनुष्याचें मन बदलतें. गरिबाचें मन होतें तेथेंच असतें, परिस्थिति बदलते. नियमाला दोघेही सारखेच वचनभंगी दिसतात. करार राजीखुशीचा खरा. पण दुसरें तिकीट ज्यास परवडतच नव्हतें, त्याच्या राजीखुशीचें वजन किती धरावें?

आपल्याकडील 'तत्काळ' तिकिटाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. १९९७ सालीं निघालेल्या या योजनेंत सूट मुळींच नाहीं. उलट मूळ भाड्यावर बसण्याच्या दुसऱ्या वर्गास शेंकडा १० आणि इतर वर्गांस शेंकडा ३० या मानानें, ठराविक मर्यादेंत, जादा आकार पडतो. तरीही पक्क्या झालेल्या तत्काळ तिकिटाचा परतावा २०१५ च्या नियमांनीं नाकारला. सूट घेतली म्हणून मोकळीक सोडली, हें समर्थन येथें पांगळें पडतें. आयत्या वेळच्या जागा दलालांच्या हातीं जाऊं नयेत, असा हेतु सांगतां येईल, व तो स्तुत्य आहे. परंतु रद्द झालेली जागा प्रतीक्षायादींतील माणसास मिळाली, तर त्यानेंही पूर्ण भाडें भरलेलें असतें. म्हणजे एका जागेचे पैसे दोनदां घेतले गेले. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असें आधीं ठरलें असलें, तरी त्या रकमेच्या आंत वाजवी भरपाईच देवविली जावी, असें १८७२ च्या करार कायद्याचें ७४ वें कलम सांगतें. रेल्वेच्या नियमांस तें लागू पडतें कीं नाहीं हें वकिलांनीं पाहावें. नुकसान झालें तितकेंच घ्यावें ही त्यामागील नीति आम्हांस पटते.

शिवाय वचन दोन्ही बाजूंस सारखें बांधतें काय? तत्काळचा प्रवासी तीन मिनिटें उशिरां आला तर सर्व गमावतो; गाडी मात्र तीन तासांहून अधिक उशिरां असेल तेव्हांच, त्याच २०१५ च्या नियमांप्रमाणें, त्यास पूर्ण पैसे परत मागतां येतात. युरोपीय संघानें ही मर्यादा ६० मिनिटांवर आणली आहे. तेवढा उशीर होणार असें दिसल्यास, तिकीट कितीही स्वस्त असो, प्रवास सोडून पैसे परत घेतां येतात. प्रवास केलाच तर सामान्यतः भाड्याचा चौथा हिस्सा, आणि १२० मिनिटांच्या उशिरास निम्मा हिस्सा मिळतो. समतोल तेथेंही साधलेला नाहीं, पण तराजूला दुसरें पारडें आहे इतकें तरी दिसतें.

घरांत आजार किंवा मृत्यु झाला तर सूट द्यावी, असें कोणी सुचवील. त्यावर खोटे दाखले येतील आणि खरे तपासावयास माणसें लागतील, ही शंका रास्त आहे. पण निदान तारीख पुढें ढकलूं देण्यास दाखला कशास हवा? पैसे रेल्वेजवळच राहतात, आणि वेळेवर कळविलें तर जागाही दुसऱ्यास देतां येते. असा प्रवासी आपलें वचन मोडत नाहीं, तें पुढें नेतो. इंग्लंडांतील तिकिटानें हा भेद ओळखला आहे, जर्मनींतील त्या स्वस्त तिकिटानें नाहीं. बदलाचें शुल्क मात्र भाड्याच्या प्रमाणांत असलें पाहिजे. लहानशा प्रवासाच्या तिकिटाहून तें शुल्कच जड झालें, तर ती परवानगी कागदावरच राहते.